पूर्वसागराचा मार्ग

जपानची राजधानी टोकियो येथून ओसाका शहराकडे धावणारी एक आगगाडी साऱ्या जगात प्रसिद्ध आहे. १ ऑक्टोबर १९६४ रोजी ती प्रथम सुरू झाली, आणि आज सुमारे पाचशे किलोमीटरांचा पल्ला ती अडीच तासांत गाठते. तिच्याच धर्तीवरील मुंबई-अहमदाबाद लोहमार्गाची पायाभरणी २०१७ साली झाली, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. या जपानी लोहमार्गाचे नाव आहे तोकाइदो. हे नाव रेल्वेच्या अधिकाऱ्यांनी नव्याने शोधून काढलेले नव्हे. १८८९ साली पुऱ्या झालेल्या जुन्या, वाफेच्या गाड्यांच्या मार्गालाही हेच नाव होते. त्यापूर्वी, १६०१ साली, तोकुगावा इएयासू या सत्ताधीशाने ज्या हमरस्त्यावर ठाणी बसविण्यास आरंभ केला आणि ज्याची त्रेपन्न ठाणी पुढे हिरोशिगे या चित्रकाराने आपल्या चित्रांत अजरामर केली, तो रस्ताही तोकाइदोच होता. परंतु नावाचे मूळ याहूनही पुष्कळ मागे, सुमारे तेराशे वर्षांपूर्वीच्या काळात आहे. त्या काळी तोकाइदो हे रस्त्याचेही नाव होते आणि मुलुखाचेही.

एकच नाव रस्त्याला आणि मुलुखाला कसे असेल, असे तुम्हांस वाटेल. आपल्याकडील 'दक्षिणापथ' हा शब्द आठवून पाहा. पथ म्हणजे वाट. पण दक्षिणापथ म्हटले की, दक्षिणेकडे जाणारी वाट आणि त्या वाटेने जेथे पोहोचावयाचे तो सारा देश, असे दोन्ही अर्थ मनात येतात. जुन्नरजवळच्या नाणेघाटातील लेखात सातवाहन राजा सातकर्णी यास दक्षिणापथाचा स्वामी म्हटले आहे, ते काही केवळ एका रस्त्याचा स्वामी म्हणून नव्हे. जपानी भाषेतील 'दो' हा शब्द असाच आहे. 'तो' म्हणजे पूर्व, 'काइ' म्हणजे सागर आणि 'दो' म्हणजे मार्ग. तोकाइदो म्हणजे पूर्वसागराचा मार्ग, आणि त्या मार्गावर वसलेले सर्व प्रांत. जपानच्या नकाशात उत्तरेस होक्काइदो नावाचे मोठे बेट दिसते. त्याला ते नाव १८६९ साली, याच जुन्या पद्धतीस अनुसरून देण्यात आले.

इसवी सनाच्या सातव्या शतकात जपानच्या राज्यकर्त्यांनी चीनकडे पाहून आपल्या राज्याची नवी घडी बसविण्यास प्रारंभ केला. इ. स. ७०१ मध्ये ताइहो नावाची कायद्यांची संहिता तयार झाली. राजधानीच्या भोवतालचे प्रांत वेगळे ठेवून उरलेल्या देशाचे सात 'दो' मानण्यात आले. प्रत्येक विभागातून एक मुख्य रस्ता जाई, तो प्रत्येक प्रांताच्या मुख्य ठाण्याला दुसऱ्याशी जोडी, आणि बहुतेक रस्ते राजधानीतून निघत. राजधानी प्रथम फुजिवारा येथे, ७१० पासून नारा येथे व ७९४ पासून क्योतो येथे होती. म्हणजे उघडलेल्या पंख्याच्या काड्या जशा मुठीत एकत्र येतात, तसा सारा देश राजधानीच्या मुठीत आणलेला होता.

तोकाइदोमध्ये पंधरा प्रांत होते. इसे, ओवारी, मिकावा, तोतोमी, सुरुगा, सागामी असे करीत हा मुलूख समुद्राच्या कडेकडेने पूर्वेस हिताचीपर्यंत पसरला होता. यांतील काही नावे मोठी बोलकी आहेत. तोतोमी या नावाचा अर्थ 'दूरच्या गोड्या पाण्याचा प्रांत'. तेथील हामाना सरोवरावरून ते पडले. मग जवळचे गोडे पाणी कोणते? तर राजधानीनजीकचे बिवा सरोवर! म्हणजे दूर कोणते व जवळ कोणते, हे राजधानीत बसून ठरविलेले होते. तोतोमीच्या लोकांना आपले सरोवर काही दूर नव्हते. ते त्यांच्या अंगणातच होते.

दुसरे एक कोडे पाहा. टोकियोच्या उपसागरापलीकडे काझुसा आणि शिमोसा असे दोन प्रांत होते. या नावांत 'वरचा' आणि 'खालचा' असा भेद आहे. राजधानीस जो जवळ तो वरचा. परंतु नकाशावर बोट ठेवून किनाऱ्याने चालू लागलात, तर 'खालचा' प्रांत आधी लागतो आणि 'वरचा' नंतर! नावे ठेवणारे चुकले काय? नाही. प्रारंभीच्या काळी तोकाइदोचा प्रवासी सागामीच्या किनाऱ्यावर नावेत बसे आणि सामुद्रधुनी ओलांडून सरळ काझुसात उतरे. त्यामुळे काझुसाच त्याला आधी भेटे. उपसागराच्या डोक्यावरचा मुसाशी प्रांत त्या वेळी दुसऱ्याच विभागात मोडत असे. ७७१ साली तो तोकाइदोत घातला गेला आणि प्रवासी जमिनीवरून जाऊ लागले. रस्ता बदलला, पण नावे तशीच राहिली. मुसाशी हा तोच प्रांत, जेथे आज टोकियो शहर उभे आहे.

सरकारने हे रस्ते बांधले ते प्रथमतः स्वतःसाठी. सुमारे सोळा किलोमीटरांवर एक याप्रमाणे घोड्यांची ठाणी होती. तोकाइदोवरील प्रत्येक ठाण्यात दहा घोडे तयार ठेवावे, असा नियम होता. पश्चिमेकडे जाणारा सान्योदो हा मार्ग परदेशी वकिलांच्या येण्याजाण्याचा, म्हणून त्याचा मान मोठा, आणि तेथे वीस घोडे असत. लहान मार्गांवर पाचच. निकडीचा हुकूम घेऊन जाणाऱ्या अधिकाऱ्यास राजधानीतून एक धातूची घंटा मिळे. त्या घंटेवर खाचा असत. जितक्या खाचा, तितके घोडे मागण्याचा अधिकार. घंटा दाखविली की ठाणेदाराने ताजे घोडे द्यावयाचे आणि स्वाराने पुढच्या ठाण्याकडे दौड मारावयाची. अशा दोन घंटा जपानच्या ओकी बेटांवर आजही जपून ठेवलेल्या आहेत.

हे रस्ते पायवाटेसारखे नागमोडी असतील, असा विद्वानांचा पुष्कळ काळ समज होता. १९९४ साली शिझुओका शहरात, म्हणजे जुन्या सुरुगा प्रांतात, रेल्वेमार्गाच्या नजीक उत्खनन झाले, तेव्हा जमिनीखाली तोकाइदोचा एक तुकडाच हाती आला. तो सुमारे नऊ मीटर रुंद होता, त्याच्या दोन्ही कडांना चर खणलेले होते, आणि साडेतीनशे मीटरांपर्यंत तो जणू दोरी धरून आखल्यासारखा सरळ गेला होता. एवढी रुंद वाट थोड्याशा घोडेस्वारांना खचितच लागत नसणार. राजसत्ता केवढी थोर आहे हे पाहणाऱ्याच्या मनावर ठसावे, हाही बांधणाऱ्यांचा हेतू असावा, असे मला वाटते.

पण रस्त्यावर स्वार थोडे आणि पायी चालणारे फार. शेतकऱ्यांस कर द्यावा लागे तो धान्य, कापड आणि त्या त्या प्रांतातील जिन्नस यांच्या रूपाने. यांतील कापड आणि जिन्नस राजधानीत नेऊन पोहोचविण्याचे काम गावच्या माणसांनाच करावे लागे. ओझे पाठीवर, आणि वाटेची शिदोरी पदरची. हिताची प्रांतापासून राजधानीपर्यंत ओझ्यासह जाण्यास तीस दिवस व मोकळ्या हातांनी परतण्यास पंधरा दिवस, असा हिशेब ९२७ साली पुऱ्या झालेल्या एका सरकारी नियमग्रंथात दिलेला आहे. नारा येथील जुन्या राजवाड्याच्या उत्खननात १९६१ पासून लाकडाच्या लहान लहान पट्ट्या सापडू लागल्या. त्या मालाला बांधलेल्या चिठ्ठ्या होत्या. इझु आणि सुरुगा प्रांतांतून आलेल्या सुक्या मासळीच्या चिठ्ठ्या त्यांत आहेत. प्रांत, गाव, माल, त्याचे वजन आणि तो देणाऱ्या माणसाचे नाव, इतका मजकूर एवढ्याशा पट्टीवर शाईने लिहिलेला असे. मासळी राजवाड्यात खाल्ली गेली, पट्टी कचऱ्यात गेली, आणि म्हणूनच ती बाराशे वर्षे टिकून आपल्या हाती आली!

ओझे पोहोचविल्यावर खरा कठीण काळ सुरू होई. परतताना शिदोरी संपलेली असे. ७१२ साली खुद्द सरकारने हे मान्य केले की, राजधानीहून गावी परतणारे मजूर अन्नावाचून वाटेतच मरून पडतात. प्रांताधिकाऱ्यांनी त्यांना मदत करावी आणि मेलेल्यांस मूठमाती द्यावी, अशी आज्ञा निघाली. याच वाटेने पूर्वेकडील तरुण शेतकऱ्यांना आणखीही एका कामासाठी नेले जाई. दूर पश्चिमेच्या क्यूशू बेटाच्या किनाऱ्यावर तीन तीन वर्षे पहारा करावयाचा असे. या पहारेकऱ्यांनी रचलेली गीते ७५५ साली ओतोमो नो याकामोची नावाच्या कवीने गोळा केली आणि 'मान्योशू' या प्राचीन संग्रहात ती आजही वाचावयास मिळतात. त्यांत पराक्रमाची भाषा थोडी आहे. मागे राहिलेले आईबाप, बायको, मुले यांचीच आठवण फार.

७५९ साली फुशो नावाच्या बौद्ध भिक्षूने सरकारला एक सूचना केली. रस्त्यांच्या दोन्ही बाजूंस फळझाडे लावावी, म्हणजे थकलेल्या वाटसरूस सावली मिळेल आणि भुकेल्यास फळ मिळेल. सरकारने ती मानली. सम्राट अशोकाने रस्त्यांवर वड व आंबे लाविल्याचे तुम्ही इतिहासात वाचले आहेच. बुद्धाच्या धर्माबरोबर ही कल्पनाही इतक्या दूर गेली असेल काय?

निसर्ग मात्र कोणाची आज्ञा मानीत नसे. ८०२ साली फुजी पर्वताच्या उद्रेकाने आशिगारा घाटातील रस्ता दगडराखेने बुजून गेला, आणि प्रवाशांना हाकोने घाटातून नवी वाट काढावी लागली. वर्षभराने जुनी वाट पुन्हा मोकळी झाली. नद्यांचा त्रास तर नित्याचाच. ८३५ साली सुमिदा नदीवरील नावा दोनाच्या चार करण्याचा हुकूम निघाला, यावरून तेथे वाटसरूंची केवढी दाटी होत असेल याची कल्पना करा.

एवढी माहिती सरकारी कागदांतून मिळते. परंतु या मार्गावरून प्रत्यक्ष जाताना माणसास काय वाटत होते, हे आपल्याला एका मुलीने सांगितले आहे. ती तुमच्याच वयाची होती.

तिचे नाव इतिहासात उरलेले नाही. सुगावारा नो ताकासुए या अधिकाऱ्याची कन्या, एवढीच तिची ओळख. वडील काझुसा प्रांतात अधिकारी होते. चार वर्षांची मुदत संपली आणि १०२० साली, शरद ऋतूत, ते कुटुंबासह क्योतोस परत निघाले. मुलगी तेरा वर्षांची होती. तेथे जन्मतःच मूल एक वर्षाचे धरीत असत, म्हणून आपल्या हिशेबाने बाराचीच. तिला एकच ध्यास होता. थोरली बहीण आणि सावत्र आई संध्याकाळी बसून 'गेंजी'च्या आणि दुसऱ्या कथा आठवतील तशा सांगत. पण संपूर्ण कथा कोणालाच पाठ नसे, आणि त्या दूरच्या प्रांतात पुस्तके कोठून मिळणार? मुलीने आपल्याएवढ्या उंचीची भैषज्यगुरू बुद्धाची मूर्ती करवून घेतली होती. कोणी नसताना हात धुऊन ती मूर्तीपुढे जाई आणि, मला लवकर राजधानीत ने आणि तेथील साऱ्या कथा वाचावयास मिळू दे, असे मागणे मागे. मागणे फळास आले. पण निघताना घर मोडले, सामान उतरवले, आणि वळून पाहते तो त्या रिकाम्या घरात बुद्ध एकटाच उभा! कोणाला न दिसेल अशा बेताने ती रडली.

पहिल्याच काही दिवसांत पावसाने त्यांना गाठले. रात्री राहुटी वाहून जाईल की काय, या भीतीने तिला झोप लागली नाही. पुढे मात्सुसातो येथील नदीच्या उतारावर तिच्या दाईला मागे ठेवावे लागले. दाईचा नवरा मरण पावला होता आणि तिला तेथेच मूल झाले होते. मुलीला तिला भेटल्यावाचून राहवेना. तेव्हा भावाने तिला घोड्यावर घेऊन तेथे नेले. दाईच्या झोपडीला धड आडोसा नव्हता. छपरातून चांदणे थेट आत पडले होते. तांबडे वस्त्र पांघरून पडलेली दाई तिला पाहताच रडू लागली आणि तिच्या केसांवरून हात फिरवू लागली. मुलीचा पाय निघेना, पण निघावे तर लागलेच.

मुसाशी प्रांताविषयी तिने मोठ्या आशेने पुष्कळ ऐकले होते. प्रत्यक्षात दिसले ते बोरूचे रान. घोडेस्वाराच्या हातातील धनुष्याचे टोकही दिसू नये इतके ते उंच होते. आज त्याच जागी जगातील एक अफाट शहर आहे. आशिगारा घाटाच्या पायथ्याशी, काळोख्या रात्री, अंधारातून तीन गाणाऱ्या स्त्रिया आल्या. एक पन्नाशीची, एक विशीची आणि एक चौदा-पंधरा वर्षांची. त्यांचे गाणे सर्वांस इतके आवडले की, त्या पुन्हा त्या भयाण रानात निघून गेल्या तेव्हा सगळ्यांचे डोळे भरून आले. त्यांतील सर्वांत धाकटी आपल्याहून थोडीच मोठी आहे, हे आपल्या प्रवासिनीच्या ध्यानात आल्यावाचून राहिले नसेल.

घाट उतरल्यावर फुजी पर्वत आला. तो गडद निळा होता, माथ्यावर बर्फ होते, सपाट शिखरातून धूर निघत होता आणि सांजवेळी आतील अग्नीचा लाल उजेडही दिसत होता. आज फुजी शांत आहे. त्या काळी तो जागा होता, हे एका मुलीच्या डोळ्यांनी टिपून ठेवले आहे. ओइ नदीचे पाणी तिला तांदळाचे पीठ कालवल्यासारखे पांढरे वाटले. पुढे तोतोमीत ती इतकी आजारी पडली की, एक प्रसिद्ध खिंड केव्हा ओलांडली तेही तिला समजले नाही. तेन्र्यू नदीकाठी तात्पुरती झोपडी बांधून सर्वजण काही दिवस थांबले. हिवाळा आला होता आणि नदीवरून बोचरा वारा सुटला होता. हामाना येथे, चार वर्षांपूर्वी जाताना जो लाकडी पूल होता, त्याचा मागमूसही उरला नव्हता. नावेतून पलीकडे जावे लागले. मिकावातील यात्सुहाशी या गावाच्या नावाचा अर्थ 'आठ पूल'. तेथे पाहते तो एकही पूल नाही!

ओवारीनंतर या मंडळींनी समुद्रकाठचा मार्ग सोडला आणि मिनो प्रांतातून, बर्फातून वाट काढीत, बिवा सरोवर गाठले. तेथील सेता नदीवरचा पूलही मोडलेला होता. बाराव्या महिन्याच्या दुसऱ्या दिवशी, काळोख पडल्यावर, ती क्योतोत शिरली. सरकारी हिशेबाने ओझेकऱ्याला तीस दिवस पुरावेत अशी ती वाट. त्यांना तीन महिने लागले. हा सारा वृत्तांत तिने पन्नाशी उलटल्यावर लिहिला. 'साराशिना निक्की' या नावाने तो प्रसिद्ध आहे. इतक्या वर्षांनी काही नद्यांचा क्रम तिच्या आठवणीत मागेपुढे झाला, पण चांदण्यातली झोपडी मात्र जशीच्या तशी राहिली.

राजधानीतील घर विस्तीर्ण आणि झाडांनी रानासारखे माजलेले होते. सामान पुरते लागलेही नव्हते, तोच तिने आईपाशी कथांचा हट्ट धरला. थोडीबहुत पुस्तके मिळाली, पण 'गेंजी' संपूर्ण मिळेना. वसंतात बातमी आली की, मागे राहिलेली दाई साथीच्या आजाराने मरण पावली. त्या दुःखात तिला पुस्तकेही नकोशी झाली. आईने शोधून शोधून आणखी कथा आणून दिल्या, तेव्हा हळूहळू तिचे मन सावरले. मग एके दिवशी ती एका मावशीकडे गेली. मुलगी किती मोठी झाली म्हणून मावशीने कौतुक केले, आणि निघताना, तुला उपयोगाच्या वस्तू देऊन काय करू, तुला हवे आहे तेच देते, असे म्हणून 'गेंजी'चे पन्नासाहून अधिक भाग पेटीसह तिच्या स्वाधीन केले.

घरी येऊन ती पडद्याआड एकटीच पडून राहिली आणि पेटीतून एकेक भाग काढून वाचू लागली. दिवसभर, आणि रात्री डोळे मिटेपर्यंत, दिवा जवळ ओढून.